महिला दिनाला मिरियम मकेबा: दीड तासाचा गाण्यांचा कार्यक्रम कसा बसवायचा

सातारा जिल्ह्यात मार्चचा पहिला आठवडा लागला की गावोगावी महिला दिनाची लगबग सुरू होते. हळदीकुंकू, उखाणे, संगीतखुर्ची, पाहुण्यांचं भाषण आणि शेवटी वाण. हे सगळं असू द्या. बायका त्यानिमित्तानं घराबाहेर पडतात, दोन घटका मोकळ्या बसतात, त्याचं मोल मोठं आहे. माझं मागणं एवढंच की त्यातला दीड तास मागून घ्या आणि तो दक्षिण आफ्रिकेची गायिका मिरियम मकेबा हिला द्या. तिचा जन्म ४ मार्च १९३२ चा. म्हणजे तारीखही आयतीच जवळ येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. निवृत्तीनंतर कोरेगाव, खटाव, पाटण भागांतल्या बचत गटांमध्ये आणि भजनी मंडळांमध्ये गाणी ऐकवायचे कार्यक्रम करते. पेटी वाजवते, म्हणून गाण्याची थोडी जाण आहे. मिरियमचा कार्यक्रम कुठंही वाया गेलेला मी पाहिला नाही. तो नीट बसवायचा असेल तर काय काय करावं लागतं, ते इथं लिहिते.

वेळ आणि जागा

गावात कार्यक्रमाची वेळ पंचायत ठरवत नाही, डेअरी ठरवते. धारा काढून, दूध घालून, भाकऱ्या थापून बाई मोकळी होते ती साडेसातला. म्हणून साडेसात ते नऊ. पत्रिकेवर सात छापा, सुरुवात साडेसातला होईल. दहावीची परीक्षा तोंडावर असते, त्यामुळे आवाज सभागृहाच्या बाहेर जाता कामा नये. समाजमंदिर किंवा शाळेची मोठी खोली उत्तम. देवळाचा उघडा सभामंडप टाळा. तिथं येणाऱ्याजाणाऱ्याचं लक्ष आत आणि आतल्यांचं बाहेर राहतं.

सतरंज्या अर्धगोलात अंथरा. गुडघे धरलेल्या आजींसाठी खुर्च्या कडेला नकोत, मध्ये ठेवा. कडेला बसलेली बाई पाहुणी होते आणि पाहुणी बोलत नाही. या कार्यक्रमात आजी बोलल्या तरच रंग चढतो.

आवाजाची व्यवस्था

गावात स्पीकर भजनी मंडळाचाच मिळतो. तो चालेल, पण त्याच्या मशीनवर ‘एको’ लिहिलेलं बटण असतं आणि ते बहुतेक वेळा अर्ध्याच्या वर फिरवलेलं असतं. भजनाला ते शोभतं. मिरियमच्या गाण्यात मात्र जिभेचे बारीक फटके आहेत, ते एकोमध्ये एकमेकांवर चढतात आणि सगळा चिखल होतो. एको शून्यावर आणा. बेस थोडा वाढवा, ट्रेबल मध्यावर ठेवा. कर्णा अजिबात नको, खोक्याचा स्पीकर घ्या. गाणी मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा, रेंजच्या भरवशावर राहू नका. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गाण्यात कुणाच्या तरी जावयाचा फोन येतो. वीज गेली तर हाताशी चार्ज केलेला ब्लूटूथ स्पीकर असावा. पन्नास बायकांच्या खोलीला तो पुरतो.

प्रोजेक्टर लागत नाही. शाळेतला जगाचा नकाशा तेवढा आणा. त्यावर मुंबई दाखवा, मग जोहान्सबर्ग. अंतर साधारण ७,००० किलोमीटर. हे करताना एक गोष्ट ठामपणे सांगून टाका: आफ्रिका हा देश नाही. तो पन्नासहून जास्त देशांचा खंड आहे आणि आपण त्याच्या अगदी दक्षिण टोकाच्या देशाबद्दल बोलतोय. हे सांगितलं नाही तर कार्यक्रमाच्या शेवटापर्यंत ‘आफ्रिकेत असं असतं’ अशी वाक्यं येत राहतात.

मांडणी: आधी गाणं, मग आयुष्य

जन्म, शिक्षण, लग्न, पुरस्कार, मृत्यू अशा क्रमानं आयुष्य वाचून दाखवून शेवटी दोन गाणी लावण्याची पद्धत आपल्याकडं फार आहे. ती इथं चालत नाही. मिरियमची गाणी तिच्या आयुष्यातून आलेली आहेत. आपण राजकारणासाठी गात नाही, जे जगलो ते गातो, असं ती आयुष्यभर सांगत राहिली. म्हणून गाणं पुढं आणि माहिती त्याच्या मागोमाग. सहा गाणी पुरेत. जास्त घेतलीत तर बायका ऐकतात, पण बोलत नाहीत.

प्रत्येक गाण्यासाठी एक पान लिहा आणि सहा जणींना वाटून द्या. एकटीनं माइक धरून बसू नका. वाचणारीला पान दोन दिवस आधी द्या, घरी दोनदा मोठ्यानं वाचायला सांगा. पान पाच मिनिटांपेक्षा लांब नको. गाणं संपलं की लगेच पुढचं पान सुरू करायचं नाही. थांबा. कुणीतरी काहीतरी बोलतंच.

पहिलं गाणं: क्वोंग्क्वोत्वाने

हे दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांच्या भाषेतलं लग्नाचं गाणं. खोसात जिभेनं काढायचे टकटक आवाज शब्दांच्या आत बसलेले असतात. इंग्रजांना ते नाव उच्चारता येईना, म्हणून त्यांनी याला ‘क्लिक साँग’ म्हटलं, हे मिरियम स्वतः मंचावरून सांगायची आणि मग तो शब्द लीलया म्हणून दाखवायची.

गाणं लावण्याआधी बायकांकडून आवाज काढून घ्या. तीन आवाज आहेत आणि त्यातले दोन आपल्या तोंडात आधीपासून आहेत. कुणाचं वाईट झालेलं ऐकलं की आपण दाताला जीभ लावून ‘च्च’ करतो, तो पहिला. बैल हाकताना किंवा घोड्याला चुचकारताना गालाच्या बाजूनं जो आवाज काढतात, तो दुसरा. तिसरा टाळूचा. जीभ टाळूला घट्ट चिकटवायची आणि खाली झटकायची, ‘टॉक’ असा पोकळ आवाज यायला हवा. या गाण्यात तोच आहे. आधी टाळूचा आवाज प्रत्येकीनं एकदा काढायचा, मग सगळ्यांनी मिळून. हसून हसून पुरेवाट होते, पण त्यानंतर गाणं लागलं की खोली एकदम कान देऊन ऐकते. जे काढायला आपल्याला एवढी खटपट पडली, ते ती सुरात, तालात, हसऱ्या चेहऱ्यानं गाते आहे हे कळलेलं असतं.

गाण्यात टकटक करणाऱ्या एका भुंग्याचा उल्लेख आहे, त्याला वाटेचा जाणता म्हटलं आहे. इथून मिरियमच्या आईकडं जाता येतं. आई स्वाझी समाजातली, वडील खोसा. आई लोकांच्या घरी काम करायची आणि ‘सांगोमा’ होती, म्हणजे झाडपाल्याची औषधं देणारी, पूर्वजांचा कौल सांगणारी. ऐकणाऱ्या लगेच ‘म्हणजे देवऋषीण’ म्हणतील. साताऱ्यात अंधश्रद्धेवरची चर्चा घराघरात पोचलेली आहे, कुणीतरी त्यावर बोलायला उठेल. तो वाद त्या दिवशी नको. सांगोमा होण्यासाठी मोठी दीक्षा घ्यावी लागते आणि समाजात त्या बाईला मान असतो, एवढं सांगून पुढं चला. मिरियमला लहानपणी कर्करोग झाला आणि आईनं बरा केला अशी एक हकिगत फिरते, ती मात्र मुळीच सांगू नका. तिला तरुणपणी स्तनाचा आजार झाला होता आणि आईनं उपचार केले होते, पण पन्नास बायकांसमोर गाठीवर झाडपाल्याचा इलाज म्हणून ती गोष्ट गेली तर नुकसान होईल.

दुसरं गाणं: खावुलेझा

इथं जरा जास्त वेळ ठेवा, कारण आपल्या गावांत हे पान अडतं.

मिरियम अठरा दिवसांची होती तेव्हा तिच्या आईला अटक झाली. गुन्हा असा की तिनं घरी बिअर केली आणि विकली. दंड भरायला पैसे नव्हते, सहा महिन्यांची कैद झाली. तान्ही मिरियम आईबरोबर तुरुंगात राहिली.

हे वाचलं की खोलीत चुळबुळ होते. आपल्या भागात बायकांनी दारूच्या दुकानांविरुद्ध मतदान घेऊन बाटली आडवी केली आहे. दारूपायी संसार उद्ध्वस्त झालेल्या बायका समोरच बसलेल्या असतात. त्यांच्यातली एखादी स्पष्टच म्हणते, ‘दारू विकली तर पोलीस धरणारच की.’ तिला गप्प करू नका. ती जे बोलते आहे ते तिच्या जगण्यातून आलेलं आहे. तिला तिथला कायदा समजावून सांगा.

ती बिअर मका आणि ज्वारी आंबवून केलेली, पातळ, आंबूस, कमी नशेची. लग्नाकार्यात, पूर्वजांच्या विधीत ती लागायचीच. बायका ती घरोघरी करत. शहरांतल्या गोऱ्या नगरपालिकांनी ठरवलं की काळ्या माणसांना बिअर विकण्याचा मक्ता आमचा. त्यांनी स्वतःचे गुत्ते उघडले आणि त्याच्या नफ्यातून काळ्यांच्या वस्त्यांवर अंमल ठेवणाऱ्या खात्यांचा खर्च भागवला. म्हणजे गडी सरकारच्या गुत्त्यावर जाऊन पगार उडवू शकत होता, पण त्याच्या बायकोनं चार पैशांसाठी घरी भांडं चढवलं तर ती तुरुंगात. १९५९ मध्ये डर्बनला बायका काठ्या घेऊन त्या सरकारी गुत्त्यांवर चालून गेल्या होत्या. हे शेवटचं वाक्य ऐकलं की मघाची बाईच मान डोलावते. गुत्त्यावर मोर्चा नेणारी बाई तिला ओळखीची आहे.

मग खावुलेझा लावा. डोरोथी मासुका या गायिकेनं रचलेलं हे गाणं. वस्तीत पोलिसांची धाड पडते, रस्त्यावर खेळणारी पोरं ओरडतात: आई, लवकर कर, पोलीस आलेत, लपव. अर्थ आधी सांगा, दोन ओळींत. मिरियमच्या आवाजात या गाण्यात एक दबलेली घाई आहे, ती भाषा न कळताही पोचते. तिनं हे १९६६ मध्ये स्वीडनमध्ये गायलेलं चित्रण मिळतं. चेहरा दाखवायचा असेल तर मोठ्या स्क्रीनचा मोबाइल हातोहात फिरवा. केस सरळ केलेले नाहीत, तोंडाला रंगरंगोटी नाही. त्या काळात काळ्या गायिकांवर केस सरळ करण्याचा आणि कातडी उजळवण्याचा केवढा दबाव होता, तो तिनं धुडकावला. इथं तुमच्या गावातल्या मुली बोलायला लागतील. गोरं करणारी क्रीम आणि ‘मुलगी सावळी आहे पण’ यांनी पोळलेली एकतरी मुलगी प्रत्येक खोलीत असते. तिला बोलू द्या, वेळ गेला तरी चालेल.

आणि हो, वाचणारीला आधीच सांगून ठेवा: ‘निग्रो’, ‘हबशी’ हे शब्द तोंडातून येऊ द्यायचे नाहीत. काळी माणसं, आफ्रिकी माणसं, असं सरळ म्हणावं.

तिसरं गाणं: मलाइका

तुरुंगानंतर थोडा विसावा हवा. मलाइका हे स्वाहिली भाषेतलं प्रेमगीत, पूर्व आफ्रिकेतलं. मुळात कुणी रचलं यावर वाद आहे. मिरियमनं ते जगभर नेलं. गाणारा मुलगा म्हणतो, माझ्या परी, तुझ्याशी लग्न केलं असतं गं, पण माझ्याकडं पैसा नाही. तिथं मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी द्यायचं असतं. हे कळल्यावर बायकांमध्ये जी चर्चा पेटते ती आवरणं कठीण. पाच मिनिटं पेटू द्या.

या पानावर तिच्या उमेदीची वर्षं घ्या, भराभर. वडील ती सहा वर्षांची असताना गेले. शाळेच्या गायनवृंदात गायला शिकली. सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न झालं, १९५० मध्ये मुलगी झाली, बाँगी. नवरा मारायचा, ते लग्न टिकलं नाही. मग ‘मॅनहटन ब्रदर्स’ या पुरुषांच्या गटात गायिका म्हणून नाव झालं, पुढं ‘स्कायलार्क्स’ हा फक्त बायकांचा गट. याच काळात, ९ ऑगस्ट १९५६ ला, सुमारे २०,००० बायका प्रिटोरियाच्या सरकारी इमारतीवर चालून गेल्या. काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात फिरायला पास लागायचा, तो आता बायकांनाही सक्तीचा होणार होता, त्याविरुद्ध. तिथं आजही ९ ऑगस्ट हा महिला दिन म्हणून पाळतात. आपल्या ८ मार्चच्या कार्यक्रमात हे सांगायलाच हवं.

चौथं गाणं: व्हेरवुर्ड, सांभाळ

१९५९ मध्ये ‘कम बॅक, आफ्रिका’ नावाचा, सरकारपासून लपवून चित्रित केलेला सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. मिरियम त्यात थोडाच वेळ गाताना दिसते, पण तेवढ्यावर तिला परदेशातून बोलावणी आली. लंडनमध्ये अमेरिकेतला नावाजलेला गायक हॅरी बेलाफोंटे भेटला, त्यानं हात दिला आणि वर्षाअखेर ती न्यूयॉर्कमध्ये गात होती.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिल गावात पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळीबार केला, ६९ माणसं मेली. त्याच वर्षी मिरियमची आई वारली. अंत्यविधीला जावं म्हणून ती तयारीला लागली तेव्हा कळलं की तिचा पासपोर्ट रद्द झालेला आहे.

हे वाक्य वाचून वाचणारीनं दहा आकडे मनात मोजावेत. माहेरच्या मातीला जाता आलं नाही, हे आपल्या बायकांना समजावून सांगावं लागत नाही.

१६ जुलै १९६३ ला तिनं संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीपुढं साक्ष दिली. दक्षिण आफ्रिकेवर बहिष्कार घाला, त्यांना शस्त्रं विकू नका, ती आमच्या बायकामुलांवर चालवली जातील, असं तिचं म्हणणं होतं. त्यानंतर सरकारनं तिचं नागरिकत्व काढलं आणि देशात तिच्या रेकॉर्डवर बंदी आली. इथं एक आपली गोष्ट जोडा: दक्षिण आफ्रिकेतल्या भेदभावाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत पहिल्यांदा मांडला तो भारतानं, १९४६ मध्ये.

मग हे गाणं. वुयिसिले मिनी या गोदी कामगारांच्या पुढाऱ्यानं रचलेलं. व्हेरवुर्ड म्हणजे तेव्हाचा पंतप्रधान, वर्णभेदाची सगळी व्यवस्था बांधणारा. गाणं त्याला सांगतं, सांभाळून राहा, काळा माणूस येतोय. चाल मात्र नाचावं अशी हलकी. मिनीला नोव्हेंबर १९६४ मध्ये फाशी दिलं. मिरियम आणि बेलाफोंटे यांनी १९६५ च्या ज्या एकत्र रेकॉर्डमध्ये हे गाणं घेतलं, तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

आपल्या मुलखात हे गाणं समजावायला फार शब्द लागत नाहीत. प्रतिसरकारच्या काळात सातारा-सांगलीत शाहीर गावोगावी फिरले, वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी डफावर माणसं उभी केली. ज्या आजीच्या वडिलांनी किंवा सासऱ्यांनी तो काळ पाहिला, तिला विचारा. मी जिथं जिथं विचारलं तिथं एखादी तरी ओळ निघाली, कधी पूर्ण कवन निघालं. निघालं तर आपलं पान बाजूला ठेवा आणि ते होऊ द्या.

पाचवं गाणं: सोवेटो ब्लूज

हे पान नववी-दहावीतल्या मुलीनं वाचायचं. दुसऱ्या कुणी नाही. मी जे पान देते ते असं:

‘१६ जून १९७६. जोहान्सबर्गजवळची सोवेटो वस्ती. सरकारचा हुकूम होता की निम्मे विषय, गणितसुद्धा, आफ्रिकान्स भाषेत शिकायचे. आफ्रिकान्स ही तिथल्या गोऱ्या सत्ताधाऱ्यांची भाषा. मुलांना ती येत नव्हती, कित्येक शिक्षकांनाही येत नव्हती. त्या सकाळी हजारो मुलं शाळेच्या गणवेशात रस्त्यावर आली. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हेक्टर पीटरसन बारा वर्षांचा होता. तो पडला, तेव्हा एका मोठ्या मुलानं त्याला उचलून घेतलं, त्याची बहीण शेजारून धावत होती. तो फोटो जगानं पाहिला. मिरियम तेव्हा गिनी देशात राहत होती. तिचा पूर्वीचा नवरा ह्यू मासेकेला यानं यावर गाणं लिहिलं आणि ते तिनं गायलं. गाण्यात बायका पुरुषांना विचारतात, पोरं दगड घेऊन उभी होती तेव्हा तुम्ही कुठं होता?’

एवढंच. ‘शहीद’, ‘अमर’, ‘बलिदान’ असले शब्द घालू नका, मुलीच्या तोंडी ते पाठ केल्यासारखे होतात. गाणं सहजी पचणारं नाही, लांब आहे, शिंगाचा वाद्यमेळ आहे. पूर्ण लावा. कापू नका. काही जणींचं लक्ष उडेल, उडू दे.

मिरियम गिनीत का होती हे विचारतील. १९६८ मध्ये तिनं स्टोकली कारमायकल या अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढाऊ नेत्याशी लग्न केलं. त्याबरोबर अमेरिकेतले तिचे कार्यक्रम रद्द होऊ लागले. एका देशानं घर काढून घेतलं, दुसऱ्यानं व्यासपीठ. गिनीनं तिला घर दिलं, आपली प्रतिनिधी म्हणून संयुक्त राष्ट्रांत पाठवलं. १९८५ मध्ये तिथंच बाँगी, तिची एकुलती एक मुलगी, बाळंतपणात गेली. हे शेवटचं वाक्य सांगायचं की नाही ते समोर कोण बसलं आहे ते पाहून ठरवा. ज्या घरात असं घडलं आहे त्या घरची बाई खोलीत असेल तर मी ते गाळते.

सहावं: पाता पाता

हे गाणं सगळ्यांना आवडतं. १९६७ मध्ये अमेरिकेत ते पहिल्या पंधरा गाण्यांत पोचलं. मिरियमला स्वतःला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. एवढं सगळं गायल्यावर लोकांनी याच एका नाचाच्या गाण्यानं ओळखावं याची तिला खंत होती. म्हणून ते सुरुवातीला लावायचं नाही. पाच गाणी ऐकलेल्या बायकांनाच ते ऐकायचा हक्क आहे असं मी मानते.

लावण्याआधी उरलेली गोष्ट सांगा. नेल्सन मंडेला फेब्रुवारी १९९० मध्ये सुटले, त्यांनी तिला घरी बोलावलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती परतली. एकतीस वर्षांनी. आईच्या थडग्यावर तेव्हा गेली. पुढं तिनं निराधार मुलींसाठी केंद्र काढलं, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची सदिच्छादूत झाली. नोव्हेंबर २००८ मध्ये इटलीतल्या कास्तेल व्होल्तुर्नो गावी ती गायला गेली. तिथल्या माफियाविरुद्ध लिहिणाऱ्या रोबेर्तो साव्हियानो या लेखकाच्या पाठिंब्यासाठी तो कार्यक्रम होता. दोनच महिन्यांपूर्वी त्या गावात माफियानं सहा आफ्रिकी स्थलांतरितांना मारलं होतं. शहात्तर वर्षांची मिरियम पाता पाता गाऊन मंचावरून उतरली आणि हृदयविकारानं कोसळली.

आता लावा, आणि सतरंज्या गुंडाळून घ्या. यावर झिम्मा बसतो. फुगडीसुद्धा बसते, फक्त सुरुवातीला जरा सावकाश. पाता पाता म्हणजे हात लावणं, एकमेकींना हलकेच स्पर्श करत नाचायचं. दोन ओळी समोरासमोर करा. पहिल्यांदा कुणी उठणार नाही, म्हणून दोन मुलींना आधी शिकवून ठेवा. गाणं तीन मिनिटांचं आहे, दुसऱ्यांदा लावायची तयारी ठेवा. बहुतेक वेळा तिसऱ्यांदाही लागतं.

नंतरची कामं

चहा कार्यक्रमानंतर, मध्ये नाही. मध्ये चहा आला की चहा करणाऱ्या बायका गाणं चुकवतात आणि त्या नेहमी त्याच असतात.

खर्च चहा आणि पानांच्या झेरॉक्सपुरताच येतो. ती पानं गटाच्या वहीत लावून ठेवा. गाण्यांची नावं गटाच्या व्हॉट्सॲपवर मराठीत लिहून टाका, दुव्यासह. दुसऱ्या दिवशी धार काढताना ऐकणाऱ्या मी पाहिल्या आहेत. पुढं ढकललेले संदेश येतील, ‘मिरियम मकेबा असं म्हणाली’ म्हणून सुविचार येतील. ते पानांत घेऊ नका. तिची १९८८ ची आत्मकथा आहे, मुलाखती आहेत, त्यात सापडेल तेवढंच घ्या.

पाहुणा म्हणून कुणाला बोलवायचंच असेल तर इतिहास किंवा भूगोल शिकवणारी बाई बोलवा आणि तिला नकाशापाशी उभं करा. भाषण नको म्हणून आधीच सांगा. मानधनाऐवजी रोप द्यायची पद्धत आहे, पण पाण्याच्या टंचाईच्या गावात रोप न देता पुस्तक द्या.

कार्यक्रम जमला आणि बायकांनी ‘अजून कुणी आहे का अशी’ म्हणून विचारलं तर पुढच्या वर्षीसाठी अँजेलिक किजो धरा. बेनिन देशातली, १९६० चा जन्म, हुकूमशाही राजवटीत गाता येईना म्हणून १९८३ मध्ये पॅरिसला गेली. २००२ पासून युनिसेफची सदिच्छादूत आहे, मुलींच्या शिक्षणासाठी ‘बटोंगा’ ही संस्था तिनं उभी केली. मिरियमला ती आपली स्फूर्ती मानते आणि तिनंही मलाइका गायलं आहे. तिच्या कार्यक्रमाची सुरुवात त्याच गाण्यानं करा. तोवर बायकांना चाल पाठ झालेली असेल, त्या बरोबरीनं गातील.